वाचनात अडखळणारे मूल आणि उपायाची पारख

सोन्याचा कस पाहण्याची जुनी रीत मोठी शहाणपणाची आहे. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिन्याची एक रेघ ओढतात. तिच्या शेजारी, ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी रेघ ओढतात. दोन्ही रेघांवर तेजाब लावतात आणि कोणती रेघ किती फिकी पडते हे ताडून पाहतात. पहिली रेघ एकटी पाहून कोणताही जाणता सराफ किंमत सांगत नाही. कस कळतो तो तुलनेने.

जबलपूरच्या सराफ्यात ही विद्या नवी नाही. हे शहर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते आणि येथील मराठी घरे जुनी आहेत. शिवाय सोने-चांदी गाळून शुद्ध करणारी, सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची गलाई कारागीर कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेली आहेत. अशाच एखाद्या गलाई कुटुंबाचे चित्र वाचकाने डोळ्यांपुढे आणावे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. थोरला मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत शिकणारा. तोंडी हिशेब तो वडिलांच्या बरोबरीने करतो, एकदा ऐकलेली गोष्ट आठवड्याने जशीच्या तशी सांगतो. परंतु दुकानावरची पाटी वाचण्याचा प्रसंग आला की ‘ज्वेलर्स’ या शब्दाशी येऊन थांबतो. ‘जेवलस’ म्हणतो, आईच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि गप्प होतो. त्याची सहा वर्षांची बहीण आता त्याच्यापेक्षा बरे वाचू लागली आहे, आणि ही गोष्ट त्याच्या ध्यानात आलेली आहे.

शाळेचे मत असे की मुलगा लक्ष देत नाही. आजोबांचे मत असे की वेळ आली की येईल. शेजारीपाजारी मात्र उपाय सुचवण्यात उदार असतात. कोणी म्हणतो, संध्याकाळची शिकवणी लावा; तेथे प्रत्येक धडा दहा वेळा उतरवून घेतात. कोणी रंगीत भिंगांचा चष्मा सांगतो. कोणी मेंदूच्या व्यायामाचा सहा महिन्यांचा वर्ग सांगतो. त्याची फी भारी असते आणि हमीही तितकीच भारी असते. एक निवृत्त शिक्षिका म्हणतात की त्याला अक्षरे आणि ध्वनी यांपासून पुन्हा, क्रमाने, हळूहळू शिकवावे लागेल. पण किती दिवसांत काय होईल याचे वचन त्या देत नाहीत. घरात पैसा बेताचा आहे. मुलाच्या आयुष्यातील वर्षे तर त्याहूनही बेताची आहेत. मग निवड कशाच्या आधारे करावी? या प्रश्नाचा विचार विज्ञानाने गेली सव्वाशे वर्षे केला आहे.

शब्दांधत्वाचा शोध

१८७७ मध्ये जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी ‘शब्दांधत्व’ ही संज्ञा वापरली. मेंदूला इजा झाल्यावर काही प्रौढ माणसांची दृष्टी शाबूत राहते, वाचाही राहते, परंतु लिहिलेले शब्द त्यांना ओळखता येत नाहीत, असे त्यांना आढळले होते. ‘डिस्लेक्सिया’ हे नाव त्यानंतर दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडोल्फ बेर्लिन यांच्या ग्रंथातून रूढ झाले. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनी १८९५ मध्ये याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो वाचून इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील प्रिंगल मॉर्गन या वैद्याला एका चौदा वर्षांच्या मुलाची आठवण झाली. १८९६ साली त्याने त्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. पर्सी नावाचा हा मुलगा बुद्धीने तल्लख होता, खेळात तरबेज होता, तीन अंकी संख्यांचे गुणाकार बिनचूक करीत होता. मात्र सात वर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते आणि स्वतःच्या नावातील अक्षरेसुद्धा तो उलटसुलट लिहीत असे. शिक्षण सारेच तोंडी असते तर शाळेतील सर्वांत हुशार मुलगा हाच ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

जबलपूरच्या त्या मुलाची आणि या पर्सीची ओळख पटावयास वेळ लागत नाही. मॉर्गनने टिपलेली गोष्ट आजही खरी आहे : वाचनाची ही अडचण बुद्धीच्या कमतरतेतून येत नाही, आळसातून येत नाही, आणि आईबापांच्या हेळसांडीतूनही येत नाही. ती बहुधा जन्मजात असते आणि पुष्कळदा एकाच घराण्यात अनेकांना असते. व्याख्या जितकी सैल वा कडक करावी तितके प्रमाण बदलते. तथापि शेकडा पाच ते दहा मुलांना ती कमीअधिक असते असा अंदाज सामान्यतः केला जातो.

डोळे की ध्वनी?

कारण काय, या प्रश्नावर मात्र विज्ञानाला बराच फेरा पडला. अमेरिकन वैद्य सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये असे मांडले की मेंदूच्या दोन अर्धांपैकी कोणा एकाचे वर्चस्व पुरते न ठरल्यामुळे अक्षरे उलटी भासतात. या कल्पनेला अनुसरून त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी १९३०-४० या दशकात शिकवण्याची एक पद्धती तयार केली. मुलाने अक्षर पाहावे, त्याचा ध्वनी उच्चारावा, तो ऐकावा आणि त्याच वेळी हाताने अक्षर गिरवावे. सोप्याकडून अवघडाकडे पायरीपायरीने जावे, आणि एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरी चढू नये.

ऑर्टन यांचे कारण पुढे चुकीचे ठरले. १९७० नंतर फ्रँक व्हेल्युटिनो यांनी दाखवून दिले की अशी मुले अनोळखी लिपीतील आकार पाहून इतर मुलांइतकेच बरोबर उतरवतात. त्यांची गफलत होते ती आकाराला नाव आणि ध्वनी जोडताना. त्याच सुमारास इझाबेल लिबरमन व त्यांचे सहकारी यांनी दाखवले की शब्दातील सुटे ध्वनी कानाने वेगळे करता येणे ही वाचनाची पहिली पायरी होय. बोलताना ‘कमळ’ हा शब्द एका दमात बाहेर पडतो. तो क, म, ळ असा तुकड्यांचा आहे हे मुलाला मुद्दाम जाणून घ्यावे लागते. या जाणिवेला ध्वनिभान म्हणतात. वाचन-अक्षमता असलेल्या बहुतेक मुलांत हे ध्वनिभान दुबळे असते आणि त्यामुळे अक्षर व ध्वनी यांची गाठ सैल राहते.

बोलणे माणसाला उपजत येते. लेखन ही केवळ सुमारे पाच हजार वर्षांची युक्ती आहे. तिच्यासाठी मेंदूत जन्मतः कोणतेही केंद्र नसते. पाहण्याची आणि बोलण्याची जुनी केंद्रे सरावाने एकमेकांना जोडावी लागतात. काही मुलांत ही जोडणी आपोआप होत नाही. ती हेतुपूर्वक, अधिक वेळ देऊन घडवावी लागते.

कारण चुकले तरी गिलिंगहॅम-स्टिलमन पद्धती टिकून राहिली. यातून घेण्यासारखा धडा असा की एखाद्या उपायामागची उपपत्ती आणि त्या उपायाचा परिणाम या दोन गोष्टींची परीक्षा वेगवेगळी केली पाहिजे.

देवनागरीचे वळण

परदेशातील बहुतेक संशोधन इंग्रजीवर झालेले आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. देवनागरीत तसे नाही. म्हणून देवनागरी वाचणाऱ्या मुलांना ही अडचण येतच नाही, असा समज एके काळी होता. तो बरोबर नाही. देवनागरीची अवघड स्थळे वेगळी आहेत, इतकेच.

पहिले स्थळ संख्येचे. क्ष आणि ज्ञ धरून ३६ व्यंजने मानली आणि प्रत्येकाची बाराखडी घेतली तर ४३२ आकार होतात, जोडाक्षरे त्यांखेरीज. ही सारी रूपे चित्रांप्रमाणे पाठ करू पाहणारे मूल थकून जाणारच. परंतु ज्याला नियम उमगला त्याला ३६ व्यंजने आणि ११ खुणा एवढेच पुरे होते. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नड वाचनाच्या अभ्यासात असे दिसले की अशा अक्षरलिपीत सर्व अक्षरे आत्मसात होण्यास मुलांना चौथ्या इयत्तेपर्यंत आणि त्यापुढेही काळ लागतो. पहिल्या वर्षी वर्णमाला ‘संपवून’ पुढे जाणाऱ्या शाळेत अनेक मुले मागे का राहतात, याचा उलगडा यावरून होतो.

दुसरे स्थळ क्रमाचे. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी लिहिली जाते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘ज्वेलर्स’ या शब्दात रफार शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण उच्चार त्या अक्षराच्या आधी करावा लागतो. एकाच ‘र’ची क्रम, ट्रक, कार्य आणि सुऱ्या या चार शब्दांत चार रूपे होतात. सराफ्यातील तो मुलगा अडखळतो ते स्थान यादृच्छिक नाही. ज्या शब्दात जोडाक्षर आणि रफार दोन्ही आहेत तेथेच त्याची गाडी अडते. त्याची चूक हीच त्याच्या शिक्षकाला वाट दाखवणारी खूण आहे.

तिसरे स्थळ सारख्या आकारांचे : घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व.

या मुलाच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. घरची मराठी आणि शाळेची हिंदी यांची लिपी एकच आहे. एका भाषेत बसवलेली अक्षर-ध्वनींची गाठ दुसरीत उपयोगी पडते. ‘ळ’ हिंदीच्या पुस्तकात भेटत नाही, मराठीतील च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार हिंदीत नाहीत, एवढे भेद सांगून द्यावे लागतात. म्हणून प्रथम देवनागरी पक्की करावी आणि इंग्रजी वाचनाची शिकवण स्वतंत्रपणे, तिच्या स्वतःच्या नियमांनी द्यावी, हे अशा घराला हितावह ठरते. तिन्ही भाषांचा भार एकदम टाकणारा वर्ग त्याच्या कामाचा नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पूर्वी गावठी शाळांत मुले धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत आणि गिरवता गिरवता मोठ्याने उच्चारीत. मारिया मॉन्टेसरी यांच्या बालगृहात १९०७ नंतर खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने चाचपण्यास देत असत. ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाची ही दृष्टी खेड्यातील मुलांपर्यंत नेली. डोळा, कान, जीभ आणि हात यांना एकत्र कामाला लावण्याची कल्पना म्हणून मराठी घराला परकी नाही. मात्र नुसते गिरवणे पुरत नाही; कोणते अक्षर कोणानंतर यावे आणि ते शब्दात केव्हा वापरावे, याची योजना हवी. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी वर्णमालेचा क्रम सोडून निवडक अक्षरांचे आणि खुणांचे गट आखले, ते याच हेतूने : थोडी अक्षरे हाती येताच मुलाला अर्थपूर्ण शब्द वाचता यावेत.

आधी निदान

उपाय निवडण्यापूर्वी दोष कोठे आहे हे पाहिले पाहिजे. सर्वप्रथम डोळे आणि कान यांची साधी तपासणी करून घ्यावी. फळ्यावरचे न दिसणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाला निराळ्याच मदतीची गरज असते. त्यानंतर विचारावयाचा प्रश्न असा की मुलाला वाचन खरोखर शिकवले गेले आहे काय? ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी केवळ शेकडा २३.४ मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. उरलेल्या सर्वांना अध्ययन अक्षमता आहे असे कोणीही म्हणणार नाही. कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा या भागांत मुलांच्या वाचनाचा तीन वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गांत अक्षरांची घोकंपट्टी फार आणि अर्थाशी गाठ कमी, असे चित्र त्यातून पुढे आले. चांगली शिकवण मिळताच ज्या मुलाचे वाचन झपाट्याने सुधारते त्याची अडचण शिकवणीतील होती. चांगली शिकवण मिळूनही ज्याची प्रगती अतिशय मंद राहते त्याची सखोल तपासणी करावी.

या तपासणीसाठी भारतीय भाषांतील साधनांचा अभाव दीर्घकाळ जाणवत होता. इंग्रजी चाचणीत नापास झालेले मूल वाचनात कच्चे की इंग्रजीत, हे ठरवणे कठीण जाई. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ या नावाचा चाचणीसंच तयार करून २०१५ मध्ये उपलब्ध केला. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत, भारतीय मुलांवर पारखून तो बनवण्यात आला. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक अशा त्यातील प्राथमिक चाळण्या वर्गशिक्षकाला वापरता येतात. निदानाच्या चाचण्या मात्र प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने घ्यावयाच्या असतात. मराठी बोलणाऱ्या आणि हिंदीत शिकणाऱ्या मुलाची तपासणी दोन्ही भाषांत होऊ शकणे ही जबलपूरसारख्या शहरातील मराठी घरांच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

निदानाचा अहवाल हाती आल्यावर आईबापांनी त्यातील केवळ नाव वाचून थांबू नये. अक्षरओळख, ध्वनिभान, शब्दवाचन, वाचनाचा वेग, अर्थग्रहण आणि लेखन यांपैकी मूल कोठे उणे पडते आणि कोठे सरस आहे, हे त्यातून समजून घ्यावे. उपाय निवडावयाचा तो या उणिवेवरून.

उपायाला कसोटी लावणे

१९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनी वेगळे करण्यात कच्च्या असलेल्या ६५ लहान मुलांचे त्यांनी चार गट केले. पहिल्या गटाला चित्रांच्या साहाय्याने शब्दांतील सारखे ध्वनी ओळखण्यास शिकवले. दुसऱ्या गटाला तेच शिकवले, शिवाय प्लॅस्टिकची अक्षरे हाताळून ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध दाखवला. तिसऱ्या गटाला तितकाच वेळ, तीच चित्रे दिली, परंतु ‘हे सारे प्राणी’, ‘ही सारी घरातील वस्तू’ असे अर्थावरून गट पाडण्यास शिकवले. चौथ्या गटाला काहीच विशेष शिकवले नाही. दोन वर्षांत विभागलेल्या ४० पाठांनंतर वाचन तपासले तेव्हा ध्वनी आणि अक्षरे दोन्ही शिकलेला गट सर्वांच्या पुढे होता.

या प्रयोगातील तिसरा गट फार महत्त्वाचा आहे. शिक्षकाची माया, नवी चित्रे, मिळालेला वेळ यांनीही मूल थोडे सुधारतेच. ती सुधारणा वजा केल्यावर जे उरते तेच त्या पद्धतीचे खरे फळ. कसोटीवरील दुसरी रेघ ती हीच. ज्या उपायाने अशी शेजारची रेघ कधी ओढलीच नाही, त्याच्या जाहिरातीत सुधारलेल्या मुलांची कितीही छायाचित्रे असली तरी त्यांवरून कस ठरत नाही.

२०१४ मध्ये कॅथरिना गालुश्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २२ नियंत्रित प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. ज्याची उपयुक्तता आकडेवारीने सिद्ध झाली असा एकच मार्ग त्यांना आढळला : अक्षर आणि ध्वनी यांच्या संबंधांचे पद्धतशीर शिक्षण. रंगीत भिंगे आणि डोळ्यांचे व्यायाम यांविषयी अमेरिकेतील बालवैद्य आणि नेत्रवैद्य यांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितले की वाचन-अक्षमतेवर त्यांचा उपयोग होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. पण प्रसिद्ध नाव हीसुद्धा हमी नव्हे. गिलिंगहॅम-स्टिलमन परंपरेतील कार्यक्रमांचा आढावा २०२१ मध्ये घेण्यात आला, तेव्हा परिणाम अनुकूल दिशेचा दिसला, तरी तो योगायोग नव्हे असे आकडेवारीने निश्चितपणे म्हणता आले नाही. म्हणून नावाकडे न पाहता प्रत्यक्ष काय शिकवले जाते याकडे पाहावे.

विचारावयाचे प्रश्न

कोणत्याही वर्गात मूल घालण्यापूर्वी पालकांनी पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. येथे अक्षरे आणि ध्वनी यांचा संबंध उघडपणे शिकवला जातो काय? शिकवण्याचा क्रम लिहिलेला आहे काय, आणि आमच्या मुलाची सुरुवात कोणत्या पायरीपासून होईल हे कसे ठरवता? आठवड्यातून किती दिवस, किती वेळ आणि एका वेळी किती मुले? शिकवणाऱ्याला या कामाचे प्रशिक्षण आहे काय? मुलाने शिकलेली अक्षरे वापरून वाचावयाचे उतारे आहेत काय, आणि वाचलेल्याचा अर्थ विचारला जातो काय? प्रगती कशाने मोजता? आणि प्रगती न दिसल्यास काय बदलता?

या प्रश्नांसमोर सराफ्यातील त्या घरापुढचे चार उपाय ठेवून पाहावेत. दहा वेळा धडा उतरवून घेणारी शिकवणी मुलाला जे येत नाही तेच अधिक वेळ करावयास लावते. रफाराचा नियम न कळलेले मूल दहा वेळा चुकीचे चित्र काढते. रंगीत चष्म्यामागे पुरावा नाही. नेत्रवैद्याने सांगितलेला साधा चष्मा असेल तर तो अवश्य वापरावा, परंतु तो वाचन शिकवत नाही. मेंदूच्या व्यायामाच्या वर्गाला एकच प्रश्न पुरेसा आहे : मुले तुमच्या खेळात तरबेज झाली, की न वाचलेला उतारा वाचण्यात? ज्या गोष्टीचा सराव करावा ती सुधारते. खेळाच्या सरावातून वाचन आपोआप सुधारेल हे गृहीत धरता येत नाही. राहिल्या त्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याजवळ आकर्षक नाव नाही, हमी नाही. परंतु क्रम आहे, आणि मुलाचे नेमके कोठे अडते हे त्यांनी पहिल्याच दिवशी वहीत टिपून घेतले आहे. पुराव्याचा कल त्यांच्या बाजूला आहे. तथापि त्यांनाही तीच कसोटी लावली पाहिजे. आठवड्यातून चार-पाच दिवस, अर्धा ते पाऊण तास असा नेम असावा; रविवारच्या एका लांब पाठाने हे काम होत नाही. चांगला उपायही तुरळक मात्रेत दिला तर निष्फळ ठरतो, आणि मग दोष मुलावर येतो.

मोजमाप घरीही करता येते. दर आठवड्याला त्याच पातळीचा, परंतु न वाचलेला, लहान उतारा द्यावा आणि एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते तारखेसह लिहावे. उतारा नवा असणे आवश्यक आहे. पाठ झालेला उतारा स्मरणशक्ती मोजतो, वाचन नव्हे. सोबत कोणती अक्षरे चुकली ते टिपावे आणि उताऱ्यावर एक-दोन प्रश्न विचारावेत. समजा, पहिल्या आठवड्यात १८ शब्द आले आणि बाराव्या आठवड्यात ३१ आले, तर उपाय चालू ठेवण्यासारखा आहे. रेघ सपाटच राहिली तर पाठांची संख्या, गटाचा आकार वा पायरी बदलावी; तरीही फरक न पडल्यास उपाय बदलावा.

वाट पाहण्याची किंमत

आजोबांचा सल्ला मायेचा आहे, पण तो महाग पडणारा आहे. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की वाचता येणारे मूल अधिक वाचते, त्यामुळे त्याचे शब्द वाढतात आणि पुढचे वाचन आणखी सोपे होते. न येणारे मूल वाचन टाळते आणि अंतर दरवर्षी वाढत जाते. या अंतरात केवळ शब्द हरवत नाहीत. आपण मंद आहोत अशी मुलाची स्वतःबद्दल खात्री होऊ लागते, आणि ती खात्री अक्षरांपेक्षा दुरुस्त करावयास अवघड असते. म्हणून उपचारात्मक अध्यापन चालू असतानाही पुस्तकांतील ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचत राहिले पाहिजे. घरातील कोणीतरी त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. ग्रंथालयातून त्याच्या बुद्धीला शोभतील अशी पुस्तके आणावीत, केवळ त्याच्या वाचनवेगाला शोभतील अशी नव्हेत. त्याचे गणित, त्याची कथनशक्ती यांना घरात आणि शाळेत मान असावा. धाकट्या बहिणीशी तुलना कटाक्षाने टाळावी.

शाळेचीही जबाबदारी आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला; त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पुढे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश मान्य दिव्यांगत्वांत केला, आणि ती लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय योजण्याचे कर्तव्य कायद्याच्या कलम १६ ने शिक्षणसंस्थांवर टाकले. हा कायदा जबलपूरलाही तितकाच लागू आहे. जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर द्यावे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी असे ठरवण्यात आले. प्रमाणपत्राने परीक्षेतील अधिक वेळ यांसारख्या सोयी मिळू शकतात आणि त्या जरूर घ्याव्यात. परंतु सोय म्हणजे शिकवण नव्हे. शिकवणीसाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरे जड जात आहेत असे दिसले तर त्याच आठवड्यात आरंभ करावा. निदान पुढे निराळे निघाले तरी अशा शिकवणीने कोणाचेही नुकसान होत नाही.

वाचन-अक्षमता औषधाने बरी होत नाही आणि पुरती नाहीशीही क्वचितच होते. योग्य शिकवण मिळालेली बहुतेक मुले वाचू लागतात. पुष्कळांचा वेग मंद राहतो, शुद्धलेखन आयुष्यभर छळते, तरी ती शिकतात, व्यवसाय करतात आणि आपापल्या कामात नाव मिळवतात. जो उपाय याहून अधिक वचन देतो त्याविषयी सावध असावे.

सराफ्यातील त्या घरात बारा आठवड्यांनी वही उघडावी, पहिल्या पानावरचे आकडे शेवटच्या पानावरच्या आकड्यांशेजारी ठेवावेत आणि मग पुढच्या बारा आठवड्यांचा निर्णय घ्यावा. ती वही मुलालाही दाखवावी. आपण कोठून निघालो आणि कोठवर आलो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.